मागच्या खोलीसाठी कुत्रा

ज्या माणसाशेजारी तुम्ही स्वतः बसत नाही, त्याच्याशेजारी बसायला कोणत्या जातीचा कुत्रा आणावा, याचा विचार तुमच्या घरात कधी झाला आहे का?

आमच्या घरात झाला. वर्ध्याजवळच्या सेलूला, आमच्या ओसरीवर, दीड-दोन महिने झाला. त्यात माझे वडील होते, माय होती, नागपूरचे मामा होते, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर होते आणि मीही होते. सगळ्यांत जास्त मीच बोलले. जिच्यासाठी कुत्रा आणायचा होता ती माझी थोरली बहीण ओसरीमागच्या खोलीत होती. मधली भिंत मातीची. तिला सगळं ऐकू जात होतं.

ताईला हिंगणघाटला दिली होती. नवरा कापसाच्या जिनात कामाला. चार वर्षं बरी गेली. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्याला एक पांढरा ठिपका आला, मग बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर. सासरच्यांनी डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, हे कोड आहे, महारोग नव्हे, कोणाला लागत नाही. सासरच्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात ट्रंक भरून तिला सेलूच्या मोटारीत बसवून दिलं. आमच्या जिल्ह्यात महारोग काही ऐकीव गोष्ट नव्हती. स्टेशनाबाहेर, बाजाराच्या तोंडाशी, बोटं झडलेली माणसं फडकं पसरून बसलेली आम्ही लहानपणापासून पाहत होतो. अंगावर पांढरं दिसलं की लोक पुढचं विचारत नसत, पाय मागे घेत.

आता हे घर कोणाचं, तेही सांगायला हवं. वडील शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. खादीची, ग्रामसफाईची, दारूबंदीची, भूदानाची. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात, म्हणून मराठी आणि हिंदी दोन्हींतली यायची. पाटी मिळण्याआधी माझ्या हातात पत्रक आलं. पहिलं जे वाक्य मी अडखळत वाचलं ते चर खणून करायच्या संडासाबद्दल होतं. मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला बाजारात एका पोत्यावर उभं करून तेच वाचायला लावलं होतं, आणि ज्वारी विकायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. मला त्या हसण्याचा रागच आला. तेव्हापासून वाटायचं, छापलेलं खरं असतं, आणि जे खरं ते मोठ्यानं म्हणायचं असतं.

एक पत्रक मात्र बाबा दुसऱ्या कोणाला वाचू देत नसत. ते महारोगाचं. दर बाजाराच्या दिवशी धान्याच्या रांगेजवळ उभे राहून ते स्वतः वाचायचे. प्रत्येक पांढरा डाग महारोग नसतो. कोड लागत नाही. अशा माणसाला वेगळे काढणे हा अन्याय आहे. "अन्याय" या शब्दावर त्यांचा आवाज चढायचा. ताई परत आली त्याच्या आधी सहा वर्षं ते हे वाचत होते. ती आल्यावरही वाचत राहिले. एकही बाजार चुकला नाही.

घरात काय झालं ते कोणी ठरवून केलं नाही. ताई आल्यावर दुसऱ्या दिवशी चुलीशी बसायला गेली, तर माय म्हणाली, "राहू दे वं, थकून आली तू." तिसऱ्या दिवशीही "राहू दे". पाणी भरायला निघाली तर "राहू दे, ऊन हाये". महिन्याभरात ताईच्या वाटचं सगळं काम राहू दे होऊन गेलं. तिची थाळी, तिचा पाण्याचा गडवा खिडकीत वेगळा ठेवला जाऊ लागला, आणि तो कोणी ठेवला म्हणून विचारलं असतं तर मायनं शपथेवर सांगितलं असतं की मी नाही ठेवला. तिला मागची खोली दिली. तिथे तुरीची पोती होती आणि पत्रकांचे जुने गठ्ठे होते.

मी रोज दुपारी तिला वाचून दाखवायला जायची. उंबरठ्यावर बसायची. तिच्या खाटेवर बसले नाही. मी स्वतःला सांगत असे की खोलीत उजेड कमी आहे, उंबरठ्यावर नीट दिसतं.

ताई दिवस कलला की ओसरीवर येऊन बसायची. जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारायची. तिला बोलायची फार हौस. हिंगणघाटच्या वेणा नदीच्या पुराची गोष्ट ती हातवारे करून सांगायची, आणि हात वर केला की पेरांवरचं पांढरं दिसायचं. हळूहळू लोक आमच्या घरासमोरून न जाता पलीकडच्या गल्लीनं जाऊ लागले.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि माझ्या सोयरिकीचं बोलणं निघालं. मामा त्यासाठीच नागपूरहून आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"भाऊजी, राग नका मानू. पोट्टीले पाहाले लोक येतीन आता. थोरली अशी ओसरीवर बसून राह्यली तं कोन करते सोयरीक?"

"मग काय तिला कोंडून ठेवू?" बाबांचा आवाज चढला. तोच, बाजारातला.

"कोंडाचं कोन म्हन्ते? तिचं मन मागंच रमलं पाह्यजे. आमच्या सायबाच्या बायकोजवळ कुत्रं हाये, एवढूसं. दिवसभर मांडीवर. बाई घराच्या बाहीर म्हणून निघत नाई. जिले कोनी नाई तिले कुत्र्याची सोबत लय असते."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. नवीन पत्रकाचा गठ्ठा सोडताना ते तसे दिसायचे. कोंडणं अन्याय होता. सोबत आणून देणं ही दया होती. माय म्हणाली, "बरं होईन. पोरीचा जीव रमन." मीही म्हटलं, बरं होईल. जिला कोणी नाही, असं मामा म्हणाले तेव्हा तिथे आम्ही चौघं होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. जाडजूड माणूस, सायकलीवरून यायचे, बैलांच्या खुरांवर बोलायला लागले की थांबत नसत. त्यांच्याजवळ कुत्र्यांच्या चित्रांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. ते त्यांनी ओसरीवर मांडीवर उघडलं.

"पह्यले सांगा गुरुजी, कुत्रं पाह्यजे कायले? राखणीले का खेळाले?"

"सोबतीला."

"कोनाच्या?"

"घरात असतं कोणी ना कोणी," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मग अटी निघू लागल्या.

"लहान पाह्यजे," माय म्हणाली. "खोलीत मावन असं."

"फिराले नेनं पडू नये," मामा म्हणाले.

"भुंकणारं नको," बाबा म्हणाले.

"अजी, कुत्र्यानं भुंकू नाई त् काय भजन म्हनावं?" डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. मी पण हसले.

डॉक्टर पानं उलटत गेले. हा लांब पाठीचा, आखूड पायांचा, जर्मन. दिसायला गरीब, पण माती उकरते, भिंतीखालून जाते निघून. हा लांब कानांचा, मोठा मायाळू, पण याले पाणी अन् रान पाह्यजे, घरात ठेवला त् खंगते. हे तिबेटाकडलं, अंगभर झिपऱ्या, वर्ध्याच्या उन्हाळ्यात आठ दिवस नाई जगनार. हे टेरियर. उंदीर धरते, बाहीरच राह्यते दिवसभर.

"बाहेर राहणारं नको," बाबा लगेच म्हणाले.

"अन् हे पॉमेरियन. मांडीवर बसते, पोरावानी मागं मागं फिरते. पन भुंकते. लहान कुत्रं अन् गप कुत्रं, दोन्ही एका जागी नाई भेटत, गुरुजी. सांगून ठेवतो."

इथे मी उठले. अक्षरशः उभी राहिले. मी म्हटलं, ज्या घरानं विलायती कापडाला हात लावला नाही त्या घरात विलायती कुत्रा कसा येतो? मी म्हटलं, गल्लीत दर पावसाळ्यात गावठी पिल्लं गाडीखाली येतात, त्यातलं एक उचलून आणा. मी म्हटलं, आपण माणसांत जात मानत नाही, मग कुत्र्यांत जात काय म्हणून शोधतो? मी अर्धा तास बोलले. माझे कान तापले होते. बाबा मान डोलावत होते. हरलो तरी चालेल पण मुलगी बोलते किती छान, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"हिले असेंब्लीत धाडा भाऊजी," मामा म्हणाले. "सोयरीक नका पाहू."

पुन्हा सगळे हसले. ते हसणं थांबायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला.

"मले कोनी इचारसान का?"

"सांग ना बेटा," बाबा म्हणाले. भिंतीकडे पाहून.

"मले मोठं कुत्रं पाह्यजे. गावठी असलं तरी चालते. वावरात संगं येईन असं. मी सकाऊन नदीपर्यंत जाऊन येत जाईन. कुत्रं संगं असलं त् लोक हाटकत नाई."

एवढंच तिचं मागणं होतं. नदीपर्यंत जाऊन येणं. दीड मैल असेल.

कोणी नाही म्हटलं नाही. डॉक्टरांनी पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटलं. माय पदरानं उगाच कपाळ पुसत राहिली. मामा म्हणाले, "पाहू, पाहू." मी जी आत्ता गावठी कुत्र्यासाठी उभी राहिले होते, ती खाली बसले होते. आता माझ्या बाजूचं एक मत वाढलं होतं, पण मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं बाबांनी डॉक्टरांच्या हातचं पुस्तक घेतलं आणि पॉमेरियनचं पान पुन्हा काढलं.

ते चित्र मायनं तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. तिनं हात मागे घेतला.

"पांढरं नको."

"बहुतेक पांढरंच भेटते, माय," डॉक्टर म्हणाले.

"मंग दुसऱ्या रंगाचं पाहा. पांढरं नको मले घरात."

का, ते तिला कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी सायकल उचलली आणि गेले.

पुढचे दीड महिने रंगात गेले. मामांची कार्डं यायची. कामठीला एक आहे पण पांढरं. सिव्हिल लाइन्समध्ये एक आहे, काळं पण म्हातारं. शेवटी एका रेल्वेच्या गार्डाचं कुटुंब विलायतेला कायमचं निघालं होतं, त्यांच्याकडे तांबूस रंगाचं सापडलं. वर्षाचं. "स्वभाव अत्यंत शांत," असं मामांनी कार्डावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दीड महिन्यात ताईला दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. मी तिला उंबरठ्यावरून स्त्रियांच्या हक्कांवरचं एक पत्रक वाचून दाखवलं, हे मला आठवतं.

कुत्रा मामांबरोबर पॅसेंजरनं आला, आंब्याच्या करंडीत. मामांनी करंडीचं झाकण मागच्या खोलीतच उघडलं. तो आधी पोत्यांकडे गेला, गठ्ठे हुंगले, मग सरळ ताईच्या मांडीत चढला. ताईनं दोन्ही हात वर धरले होते, लावू की नको अशा. परत आल्यापासून आठ महिन्यांत तिच्या अंगाला कोणी लागलं नव्हतं. कुत्र्यानं मान वर करून तिचं मनगट चाटलं. बरोबर पांढऱ्यावर. ताईनं मग त्याला इतकं घट्ट धरलं की तो कण्हला.

माय चूल पेटवायची आहे म्हणून निघून गेली.

कुत्रा सगळ्यांचा लाडका झाला. बाबा शाळेतून आले की तो धावत जायचा आणि ते खाली बसून त्याच्या मानेखाली खाजवायचे. माय भाकर दुधात कुस्करून त्याला हातानं भरवायची, त्याचं तोंड तिच्या बोटांना लागायचं आणि ती हसायची. मी त्याला मांडीवर घेऊन वाचायची. गावठी कुत्र्याची बाजू मी विसरले होते. तो ताईच्या खाटेवर झोपायचा, तिच्या थाळीतलं खायचा, तिच्या कुशीतून उठून आमच्याकडे यायचा. त्याला स्पर्श करून आमच्यापैकी कोणी हात धुतले नाहीत.

हे ताईनं पाहिलं. एकदा बाबा ओसरीवर त्याला मांडीवर घेऊन बसले होते. ताई दारात उभी राहून पाहत होती. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी, म्हणाली,

"कुत्र्याच्या अंगावरून येत नाई का, बाबा?"

"काय?"

"डाग. माह्या हातचे याच्या अंगाले, याच्या अंगचे तुमच्या हाताले. अशे येत नाई का? का हातानंच येते सरळ?"

बाबांचा हात कुत्र्याच्या पाठीवर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी मुद्दाम गेले. त्यांनी पत्रक वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोड लागत नाही, अन्याय, सगळं. आवाज जिथे चढायचा तिथे चढला. वाचून झाल्यावर त्यांनी एका म्हातारीला चष्म्यातून पाहत तेच पुन्हा समजावून सांगितलं, प्रेमानं. मी तिथून घरी आले आणि त्यांच्याशी भांडले नाही.

ताई कुत्र्याला घेऊन पहाटे मागच्या दारानं निघायची. दोन दिवस गेली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शाळेत येऊन बाबांना सांगितलं. त्यानंतर मागच्या दाराला कडी लागली आणि ताईला सांगण्यात आलं की कुत्र्याला गप राहायला शिकव, पाहुणे यायचे आहेत. ताईनं शिकवलंही. त्याचं तोंड मुठीत धरून ती "चूप" म्हणायची, आणि तो डोळे फिरवून तिच्याकडे पाहायचा.

पाहुणे दुपारी आले. आर्वीकडचे, खादी नेसणारे, आमच्यासारखेच. मुलगा, त्याचे आईवडील. मामा होतेच. मी पोह्यांचं तबक घेऊन समोर उभी होते. मुलाचे वडील मला विचारत होते, काय वाचता, आणि मी सांगत होते. माझं बरं चाललं होतं. स्त्रीच्या शिक्षणाबद्दल मी एक वाक्य चांगलं जुळवून म्हटलं. तेवढ्यात मागे कुत्रा भुंकला.

एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"शेजारचं हाये," मामा म्हणाले.

पण त्यानं माजघराचं दार नखांनी ढकललं आणि आला तो सरळ बैठकीत. मुलाचे वडील खूश झाले. "अरे, पॉमेरियन! या खेड्यात?" म्हणत त्यांनी त्याला उचलून घेतलं. मुलाची आईही त्याच्या कानांना हात लावू लागली. आम्ही सगळे हसलो, सुटलो म्हणून.

आणि दारात ताई आली. डोक्यावर पदर, हात पदराखाली. ती कुत्र्याला न्यायला आली होती. दुसरं काही करायला नाही.

"ह्या कोण?" मुलाच्या आईनं विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. मामांनी सुपारीचा डबा उघडला. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले,

"कामाले येते."

बाबा एरवी असं बोलत नसत. ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दोन शब्दांसाठी त्यांनी घरचं बोलणं वापरलं.

ताईनं बाबांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी एवढी बोलणारी. पोत्यावर उभी राहून वाचणारी. तीन शब्द लागले असते, माझी बहीण आहे. मी तबकाकडे पाहिलं. पोह्यांवर खोबरं होतं, कोथिंबीर होती.

"द्या जी माह्यं कुत्रं," ताई म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी उठून कुत्रा तिच्या हातात दिला. पदर सरकला. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि त्यांनी ती मागे घेतली नाहीत. पेरांकडे पाहून म्हणाले, "कोड आहे वाटतं. औषध घेता की नाही?" अगदी साधेपणानं, सर्दी झाली का विचारावं तसं.

"नाई जी," ताई म्हणाली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर ती बैठकीत आली. आता डोक्यावर पदर नव्हता.

"गुरुजी," ती म्हणाली. बाबांना बाबा म्हणाली नाही. "कामाले येते म्हन्लं तुमी. मंग काम सांगा न. भांडे घासू? तुमी त् भांड्याले हात लावू देत नाई. पानी भरू? पानी चालत नाई. कोन्तं काम करते मी तुमच्याइथी? कुत्रं सांभाळाचं?"

"तिचं भलं होत होतं न वं," माय माझ्याकडे बोट करून रडू लागली.

"होऊ द्या न. मी कुठी नाई म्हन्लं?"

आठ दिवसांनी ताई गेली. वर्ध्याच्या बाहेर महारोग्यांची एक वसाहत होती, तिथे सैपाकघरात बाई हवी होती. पत्ता तिनं बाबांच्या पत्रकाच्या मागून उतरवून घेतला होता आणि कार्ड स्वतः लिहिलं होतं. जिला महारोग नव्हता ती महारोग्यांत निघाली, कारण तिच्या हातचं खायला तयार असलेली माणसं तिला दुसरीकडे कुठे सापडली नाहीत. बाबांनी तिला अडवलं नाही. सेवेचं कार्य आहे, असं ते शेजाऱ्यांना सांगू लागले. मी हे ऐकलं आहे, दोनदा.

कुत्रा तिनं नेला नाही. करंडी बाहेर काढून ठेवली मी, तर म्हणाली, "ठेव वं तुमालेच. तुमच्यासाठीच आनलं होतं ते."

मोटारीपर्यंत मी सोबत गेले. ट्रंक एका हातानं तिनं धरली, दुसऱ्या हातात पिशवी. मी धरावा असा हात रिकामा नव्हता, की तिनं ठेवला नव्हता, कोण जाणे. मी म्हटलं, "ताई, मी बोलायला पाहिजे होतं."

"बोलते न तू," ती म्हणाली. "कुत्र्याच्या जातीवर अर्धा घंटा बोलली. म्या आयकलं सारं."

मोटारीत ती खिडकीशी बसली. शेजारी एक बाई होती. मोटार वळेपर्यंत मी त्या बाईकडे पाहत होते, उठते की बसते.

पाहुण्यांचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे. शेवटी मुलाच्या वडिलांनी एक ओळ लिहिली होती, त्या कामाच्या बाईंना वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवावे, खर्चाची अडचण असल्यास कळवावे. ती ओळ वाचून मी त्याच दिवशी कोणाला न विचारता उत्तर टाकलं. ती कामाची बाई नव्हे, माझी सख्खी बहीण, आमच्या वडिलांनी खोटं सांगितलं आणि मी ते ऐकत उभी राहिले. पंधरा दिवसांनी कार्ड आलं, दोन ओळींचं. आपल्या घराशी संबंध जुळवणे आम्हांस उचित वाटत नाही. कारण लिहिलं नव्हतं. बाबा म्हणतात, डागांमुळे. मी म्हणते, खोट्यामुळे. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, आणि कुत्रा तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर असतो.

मी ताईला भेटून आले, दोनदा. ती जाड झाली आहे. मोठ्या पातेल्यातलं वरण पळीनं वाढते, पंक्तीत खालच्या आवाजात शिव्याही देते. मी तिला म्हटलं, तू फार मोठं काम करते आहेस. ती म्हणाली, "पुण्य नाई करून राह्यली. इथी जागा भेटली. तू नको लिहू माह्यावर." तिचं न ऐकता मी लिहिते आहे. कोडाचे डाग आता तिच्या गळ्यापर्यंत आले आहेत. तिच्या खोलीत मी खाटेवर बसले. तिनं सरकून जागा दिली. एवढ्या उशिरा बसण्याचं तिला काही वाटलंही नसेल.

मी आजवर पुष्कळ पत्रकं वाचली, आता लिहितेही. बाबांच्या त्या पत्रकात एक शब्द चुकीचा नव्हता. म्हणून मी इथे कोड लागत नाही वगैरे पुन्हा लिहीत बसत नाही. ते तुम्हालाही ठाऊक आहे, जसं आम्हाला होतं.

तुमच्याकडे माझी मागणी वेगळी आहे. आता लग्नसराई येते आहे. मुलासाठी, भावासाठी, भाच्यासाठी तुमच्यापैकी कोणी मुलगी पाहायला जाणार असेल. बैठकीत बसाल, तबक समोर येईल. त्याला हात लावण्याआधी यजमानांना विचारा, घरात आणखी कोण कोण आहे. जे नाव सांगायला ते अडखळतील त्या माणसाला बाहेर बोलवायला सांगा. ती येऊन तुमच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसेपर्यंत थांबा. त्यांनी कामाची बाई म्हटलं तरी थांबा.